खुराड्याखालच्या विटा

आगाशी गावात आमच्या कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने कोंबड्यांचं खुराडं चाकांवर बसवलंय. रोज सकाळी तो ते नव्या जागी ढकलतो, एका बाजूच्या चाकांखाली दोन विटा सारून ते कलतं करतो आणि आत बादलीभर पाणी ओततो. पाणी घाणीसकट बाहेर पडलं की समाधानाने मान डोलावतो. "कोंबडीचे पाय कोरडे पायजेत, वैनी."

कोंबड्यांना तो जपतो, हे खरं. माणसांना नाही. विटा नेहमी त्याच्या घराच्या बाजूला लागायच्या आणि घाण उतरायची माझ्या विहिरीकडे. बोललं की उत्तर ठरलेलं, "पानी आपली वाट धरते. त्याला कोन काय करनार?"

विहिरीला वास यायला लागला तेव्हा मी सरळ त्याच्या वाडीत शिरले, विटा काढून दुसऱ्या बाजूला लावल्या आणि त्याचीच बादली आत ओतली. घाण त्याच्या पायरीला जाऊन टेकली.

"अहो वैनी, घर हाय इथं!" तो ओरडला.

"पाणी आपली वाट धरतं," मी म्हटलं.

वाटलं, आता तरी रस्त्याच्या गटारापर्यंत चर खणेल. त्याने खुराडं ढकललं ते मागच्या कुंपणाशी. त्यापलीकडच्या विहिरीवर एकटी राहणारी म्हातारी पाणी भरते. तिला भांडता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

आज दोन्ही विटा मी उचलून घरी आणल्या. मागायला येईल, तेव्हा त्याच्या हातात कुदळ देणार आहे.