तार काढल्यावरही उत्तर देणारा पत्ता

सूचनाफलकावर अजून न लागलेल्या गुणयादीतली चूक दाखवायला एक विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या ऑफिसात आली. त्यानंतरचे चार दिवस मी ज्या धक्क्यात काढले, त्याची तीव्रता आजही कमी झालेली नाही.

ती तळेघरकडच्या एका वाडीतली. जुन्नरला वसतिगृहात राहून विज्ञान शाखेचे शेवटचे वर्ष करत होती. ऑफिसातल्या लिपिकांना आम्ही सगळेच भाऊसाहेब म्हणत असू. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "भाऊसाहेब, यादीत मला प्रात्यक्षिकाचे आठ गुण पडलेत. वहीत मॅडमनी अठरा दिलेत. तेवढं बघा ना."

"कुठल्या यादीत?"

"ऑफिसच्या. लॅबमधून दिसती ती."

भाऊसाहेबांनी हातातला शिक्का खाली ठेवला. "पोरी, ती यादी अजून मी देवालाबी दावली न्हाई. तुला कशी दिसली?"

ऑफिसात हशा पिकला. पण हसणे ओसरल्यावर प्रश्न तसाच उरला, आणि तासाभरात तो प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचला. तिचे आठ गुण कुणी बघेना. तिला ते कळले कसे, एवढेच सगळे विचारू लागले. ती चोरून ऑफिसात शिरली असणार, असा निष्कर्ष निघाला. प्राचार्यांनी तिच्या परीक्षेच्या अर्जावर सही करण्यास नकार दिला. अर्जाची शेवटची मुदत सोमवारची होती. मुदत टळली असती तर तिचे वर्ष गेले असते, आणि घरची मंडळी तिला पुन्हा जुन्नरला पाठवतील याची काहीच खात्री नव्हती.

तो निष्कर्ष ज्या कागदावर उभा होता, तो कागद माझा होता.

हे दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. पदव्युत्तर शिक्षण संपवून मी त्या महाविद्यालयात हंगामी अधिव्याख्याती म्हणून लागले होते आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत जाण्याचे स्वप्न बाळगून होते. लॅबमधली दहा संगणक यंत्रे आणि ऑफिसचे एक, अशी सगळी मी एका जुन्या यंत्राला जोडली होती. त्या मधल्या यंत्रावर लिनक्स ही प्रणाली होती: सर्वांसाठी मोफत आणि अंतर्बाह्य खुली, जिची एकेक ओळ कुणालाही वाचता येते. त्यात दोन नेटवर्क कार्डे होती, एक लॅबकडे आणि एक ऑफिसकडे. प्रत्येक कार्डाला मी आकड्यांचा वेगळा पत्ता दिला होता. सगळे काही साठवलेले त्या मधल्या यंत्रातच होते; पण विद्यार्थ्यांच्या फाइली लॅबच्या पत्त्यावर मिळत, गुणांची यादी फक्त ऑफिसच्या पत्त्यावर. एका बाजूचा मजकूर दुसऱ्या बाजूला पुढे पाठवण्याची सोय मी बंद ठेवली होती.

पासवर्ड मात्र नव्हता. तो भाऊसाहेबांच्या लक्षात राहत नसे. त्यांनी स्वतःच एक तोड काढली होती. काम संपले की ते मधल्या यंत्रातली ऑफिसकडची तार उपसत, तिची गुंडाळी करून खिशात घालत आणि मगच खोलीबाहेर पडत. आम्ही दोघेही पिंपळवंडीच्या बाजूचे. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतले किटकॅट, म्हणजे चिनीमातीचा फ्यूज, काढून खिशात टाकले की मोटार निर्जीव होते. मग गावात कुणीही येवो, पाणी चालू होत नाही. माझे वडीलही हेच करत. त्यामुळे भाऊसाहेबांची युक्ती मला हास्यास्पद वाटली नाही, उलट पटली. म्हणूनच प्राचार्यांनी विचारल्यावर मी त्यांना लेखी खुलासा दिला होता की, तार काढलेली असताना ऑफिसच्या पत्त्यावर पोहोचणे अशक्य आहे. 'अशक्य' हा शब्द मी अधोरेखित केला होता.

त्या मुलीला मी स्वतः विचारले. आवाज चढवला नव्हता, पण विश्वासही ठेवला नव्हता.

"तू ऑफिसात कधी गेलीस?"

"न्हाई गेले मॅडम. पत्ता टाकताना एकच्या जागी दोन पडला. यादी उघडली. मला वाटलं, सगळ्यांना दिसती."

"भाऊसाहेबांनी तार काढलेली होती."

"ते मला काय म्हाईत? दिसली म्हणून सांगाया आले. चोरी केली असती तर आठ गुण पडले म्हणून सांगाया आले असते व्हय?"

या युक्तिवादात एकही फट नव्हती. तरीही मी माझ्या आकृतीवर विसंबून राहिले, कारण ती मी काढली होती.

शनिवारी दुपारी लॅब रिकामी होती. तिचे म्हणणे खोटे ठरवण्यासाठीच मी एका यंत्रासमोर बसले, असे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आधी मधल्या यंत्राच्या खोलीत जाऊन ऑफिसकडचे कार्ड पाहिले. खाच मोकळी होती. तार भाऊसाहेबांच्या खिशातून त्यांच्या घरी गेली होती. मग लॅबमध्ये येऊन मी ऑफिसच्या पत्त्याला पिंगचा हुकूम दिला. समोरचे यंत्र आहे की नाही, एवढेच तो विचारतो.

उत्तर आले. पहिले, दुसरे, तिसरे. एका लयीत, न चुकता.

मी पुन्हा त्या खोलीत धावले आणि त्या मोकळ्या खाचेत चक्क बोट घातले. तिथे काही नव्हते. परत आले तेव्हा पडद्यावर उत्तरांच्या ओळी चालूच होत्या. मी तो पत्ता उघडला. यादी समोर आली. त्या मुलीच्या हजेरी क्रमांकापुढे आठ होते.

पहिला संशय बिघाडाचा. बिघाड असता तर मी सुटले असते. प्रणालीच्या सीडीवर तिचा सगळा मूळ कोड होता आणि त्यासोबत टिपणे होती. संध्याकाळ होईपर्यंत मी नेटवर्कचा भाग चाळत राहिले. तिथे मिळालेले उत्तर पिंगच्या उत्तराहून भयंकर होते. लिनक्सच्या लेखी पत्ता कार्डाचा नसतो, तो अख्ख्या यंत्राचा असतो. कुठल्याही कार्डातून मजकुराचे पाकीट आत आले आणि त्यावर यंत्राच्या कोणत्याही पत्त्याचा उल्लेख असला, तर यंत्र ते आपले म्हणून स्वीकारते. पुढे पाठवण्याची सोय बंद असण्याचा इथे संबंधच नव्हता, कारण पाकीट पुढे जातच नव्हते; ते मुक्कामाला पोहोचलेले होते. तार काढल्यावर कार्ड मुके होत होते, पत्ता मात्र यंत्रात जिवंत राहत होता. प्रणाली तिच्या नियमाप्रमाणे बिनचूक वागत होती. हा नियम त्या टिपणांत पहिल्यापासून लिहिलेला होता आणि तो न वाचता मी 'अशक्य'खाली रेघ मारली होती.

संशोधन संस्थेसाठीचे माझे शिफारसपत्र टंकून तयार होते. प्राचार्यांनी त्यात माझ्या नेटवर्कचा आवर्जून उल्लेख केला होता; सही तेवढी राहिली होती. मी गप्प राहिले असते तर हे कुणालाही कळले नसते, कारण तालुक्यात हे तपासू शकणारे दुसरे कुणी नव्हते. हा विचार माझ्या मनात आला आणि काही मिनिटे तिथे टिकला. आपल्याला इतके सहज गप्प बसता येईल हे कळणे, हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा धक्का होता.

सोमवारी सकाळी मी प्राचार्यांना, भाऊसाहेबांना आणि त्या मुलीला लॅबमध्ये बोलावले.

"भाऊसाहेब, तार कुठाय?"

त्यांनी खिशातून गुंडाळी काढून सगळ्यांना दाखवली. "ही काय. माझ्यापाशी. आता काय करती बघू तुमची यादी."

मी मुलीला पत्ता टाकायला सांगितले. तिने एकेक आकडा दाबला. यादी उघडली.

भाऊसाहेब तारेकडे बघत राहिले, मग पडद्याकडे, पुन्हा तारेकडे. "आयला! मग मी रोज खिशात काय घेऊन हिंडत व्हतो, राव?"

प्राचार्य हसले नाहीत. "मॅडम, हे कसं काय?"

मी पत्त्याची आणि यंत्राची गोष्ट सांगू लागले. शब्द नेमके होते, पण प्राचार्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "सर, आमच्या वाडीत पुढचं दार लावलेलं असलं, तरी मागच्या परड्यातून हाक मारली की घरातलं माणूस ओ देतंच की. घर तर एकच हाय."

प्राचार्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुमचा खुलासा खोटा होता."

"चुकीचा होता, सर."

"हिचं वर्ष गेलं असतं तर त्यात काय फरक पडला असता?"

त्यांनी तिथल्या तिथे कोरा कागद पुढे केला. मुलगी ऑफिसात शिरली नव्हती आणि माझे आधीचे विधान चुकीचे होते, हे मी स्वतःच्या हाताने लिहिले. लॅबच्या बाजूने ऑफिसच्या पत्त्यासाठी येणारे प्रत्येक पाकीट टाकून द्यावे, असा नियम मी त्यानंतर त्या यंत्रात घातला. एका ओळीचे काम होते. पुन्हा पिंग केले, तेव्हा कुठे पडदा गप्प राहिला. शिफारसपत्राचा विषय प्राचार्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्या वर्षी मी पुण्याला अर्ज केला नाही.

भाऊसाहेबांनी गुणांची वही मागवली. माझ्या अक्षरात अठरा होते. यादी टंकताना त्यांच्या हातून त्यातला एकचा आकडा गळला होता. "चुकलंच माझं, बाळा," ते म्हणाले आणि आकडा दुरुस्त केला. प्राचार्यांनी अर्जावर सही केली.

ती मात्र लगेच निघाली नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर अर्ज पसरून, बोट ठेवत, तिने वरपासून खालपर्यंत एकेक रकाना वाचला: नाव, हजेरी क्रमांक, विषय, गुण. दोनदा वाचला. आमच्यापैकी कुणाचाही शब्द तिला आता पुरेसा नव्हता. शेवटच्या रकान्यावर तिचे बोट थांबले.

"मॅडम, हितं प्रात्यक्षिकाची सही तुमची लागती," ती म्हणाली. "आधी वाचून घ्या."

मी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.