चष्मा काढून जाय

उत्तराला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नाही, ही काळजी तिच्या आईच्या, इंदुताईंच्या, मनातून कधी गेलीच नाही. पोर सात वर्षांची असताना सक्करदऱ्याच्या तलावाजवळ एक मोकाट काळा सांड उभा होता. "बाबा आले, बाबा आले," म्हणत ही धावत गेली. बाबाराव भोयर वकील, अंगात कायम काळा कोट. पोरीला काहीतरी काळं दिसलं, तेवढं पुरे झालं. सांडानं तिला शिंगावर घेऊन बाभळीत फेकलं. बरगडीवर त्याचा वण अजून आहे. चष्मा लागला तो त्यानंतर. बाबाराव होते तोवर कोर्टातले मित्र त्यांना विचारत, "काय वकीलसाहेब, आज कोणाला शिंगावर घेतलं?" सगळे हसायचे. इंदुताईंना मात्र त्या गोष्टीवर कधी हसू आलं नाही.

आता ती पोर पस्तिशीची होती. सरकारी इस्पितळात मेडिसिनची लेक्चरर. कपाळाला टाके, डावा हात प्लास्टरमध्ये, स्वतःच्याच इस्पितळात खाटेवर. आणि सकाळी इन्स्पेक्टर एका माणसाला तिच्यापुढे उभं करून विचारणार होता, "हाच का?" ती हो म्हणणार होती. तिला हो म्हणायला लावलं होतं इंदुताईंनीच.

उत्तरा ज्या युनिटमध्ये वाढली ते डॉक्टर रुपराव काळमेघांचं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा मुलगा, खांदे बैलासारखे, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिकवायला लागले की देवमाणूस, चिडले की जनावर. गुडघ्यावर ठोकायचा रबरी हातोडा त्यांच्या खिशात असे. तो रोग्यांच्या गुडघ्यांपेक्षा हाउसमनांच्या, नव्या शिकाऊ डॉक्टरांच्या, बोटांवर जास्त पडायचा. त्यांच्या हाताखाली पहिल्याच वर्षी किती पोरं गाशा गुंडाळून गेली, कोणी मोजलं नाही.

उत्तरा पहिल्या वर्षाची होती तेव्हा राउंडमध्ये एका रोग्याच्या पोटाकडे बोट दाखवून रुपरावांनी विचारलं, "पाणथरी, प्लीहा, हाताला लागते का?" रात्रभर जागी असलेली ही, पोटाला हात न लावताच "नाही सर" म्हणून बसली. हातोडा तिच्या कानाला चाटून गेला आणि मागची औषधाची बाटली फुटली.

"हात लावला नाही तं लागत नाही काहून म्हनतं?" रुपराव गरजले. "पायलं नाही तं पायलं नाही म्हन! लाज नाही त्याच्यात. खोट्यात लाज आहे."

घरी आल्यावर तिनं हे हसत हसत सांगितलं. इंदुताईंनी कानावरचं रक्त पुसलं.

"सोड ते. असल्या कसायाकडे शिकायचं नाही."

"आई, ते मला मारत नाहीत गं. माझ्या खोटं बोलण्याला मारतात."

"कान तर तुझाच फुटला ना!"

पण तिनं सोडलं नाही. हाउसमनची रजिस्ट्रार झाली, रजिस्ट्रारची लेक्चरर. लग्नाचं बोलणं निघालं की, "इमर्जन्सीचा दिवस सोडून कोणताही मुहूर्त काढ," म्हणायची आणि मग प्रत्येक मुहूर्त इमर्जन्सीच्याच दिवशी यायचा. तिनं कधी हातोडा बाळगला नाही. चुकलेल्या पोराला ती त्याच रोग्याच्या खाटेशी स्टुलावर बसवून ठेवी. "याचा श्वास मोज. बाकी काही करू नको." पोरं म्हणत, यापेक्षा सरांचा हातोडा बरा.

रुपरावांचा एक नियम मात्र तिनं देवाच्या आज्ञेसारखा पाळला. मरण सांगायला हाउसमनला पाठवायचं नाही. त्या घडीला युनिटमधलं जे कोणी सगळ्यात मोठं हजर असेल त्यानं स्वतः जायचं, दारात उभं राहायचं, हात मोकळे ठेवायचे. गळ्यातली तपासायची नळी काढून ठेवायची. आणि चष्मा काढून जायचं.

चष्म्याचं कारण रुपरावांच्या डाव्या डोळ्यात होतं. तरुणपणी साप चावलेल्या एका माणसाचं मरण सांगायला ते गेले आणि मेलेल्याच्या मेव्हण्यानं तोंडावर दगड हाणला. चष्म्याची काच बुबुळात गेली. तो डोळा तेव्हापासून पांढुरका. "मानूस पहिले हातच उगारते," ते पोरांना सांगत. "उगारू द्या. त्याचं घर बसलं आहे. पन काच नको. चष्मा काढून जाय."

उत्तरा अशीच जात आली, आंधळी होऊन. कोणी थोबाडीत मारली, कोणी केस ओढले, एका म्हातारीनं तर चावा घेतला. घरी आल्यावर इंदुताई विचारत, "कोणी मारलं?" ती म्हणे, "कोणास ठाऊक. दिसलं कुठं?"

त्या वर्षीचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस, असा की डांबर चपलांना चिकटत होतं. उन्हानं पडलेली माणसं हातगाडीवर, रिक्षात, खाटल्यावर घालून आणत होते. वाळ्याच्या ताट्या लावलेली एक खोली इस्पितळानं त्यांच्यासाठी राखली होती. दुपारी वाडीहून एक ट्रक आला. मिरचीच्या गोदामातला हमाल गणपत, अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही, झटके चाललेले. सोबत त्याचा धाकटा भाऊ ओमप्रकाश, दोघं एकाच गोदामात मिरचीची पोती उचलणारे. बाकीचे शेजारच्या सिमेंटच्या गोदामातले, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी, कमरेला पोती ओढायचे लोखंडी आकडे.

उत्तरानं गणपतला बर्फाच्या लाद्यांत घातलं. दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळपर्यंत ती, रजिस्ट्रार इंगोले आणि दोन हाउसमन त्याचं अंग चोळत होते. दिवे लागायच्या सुमारास तो गेला.

तिनं नळी काढली. चष्मा काढून इंगोलेच्या हातात दिला. दार उघडलं.

"गणपतराव गेले. आम्ही वाचवू शकलो नाही."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "तापलेला मानूस बर्फात घातला! बर्फानं मारला त्याले!"

पुढचं इंदुताईंना पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी सांगितलं. आकड्यांनी ताट्या फाडल्या. वॉर्डबॉयच्या खांद्यात आकडा रुतला आणि तो तसाच लटकता घेऊन तो जिन्यावरून पडला. औषधाचं कपाट पालथं झालं. लोक काचांवरून धावत होते. गणपतच्या अंगाखालची बर्फाची लादी कोणीतरी उचलून उत्तरावर घातली. तिनं हात आडवा केला, हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. चौकटीच्या लोखंडावर कपाळ आपटलं आणि ती पालथी पडली. मग पाठीवर कोणीतरी जड कोसळलं. नाकाडोळ्यांची आग झाली, श्वास कोंडला. पोलीस आले तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून एका माणसाला ओढून काढलं. तो ओमप्रकाश होता, डोकं फुटलेलं. पोलिसांनी त्याला तिथंच बुटांनी तुडवलं. बाकीचे ट्रकमध्ये बसून पळाले.

दुसऱ्या दिवसापासून निवासी डॉक्टरांचा संप. गुन्हेगार ओळखल्याशिवाय वॉर्डात पाय ठेवणार नाही. रागावलेल्या पोरांनी ओपीडीच्या काचा फोडल्या, फाटकाशी डबा घेऊन आलेल्या दोन नातेवाइकांना बदडलं. त्या बिचाऱ्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. इंगोलेनं जबानी दिली, "ओमप्रकाश मॅडमच्या अंगावर होता. मी पाहिलं." इंगोले दाराआड चेंगरला होता, तरी तेवढं त्यानं खरंच पाहिलं होतं. पण मार मॅडमना बसला. मॅडमनी ओळखल्याशिवाय केस उभी राहत नव्हती. आणि मॅडम म्हणत होत्या, "मी चष्मा काढला होता."

म्हणून रुपराव इंदुताईंच्या घरी आले. पायरीवरच उभे राहिले. ओठ सुजलेला होता.

"ताई, तिले समजवा. माह्यं आयकत नाही."

"तुमच्या ओठाला काय झालं, डॉक्टरसाहेब?"

"काही नाही. रात्री एका बाईचा नवरा गेला, तिच्या बापाले सांगायले गेलो होतो." ते खुर्चीत बसले. "पोरं संपावर. मी अन् दोन म्हातारे मास्तर, वॉर्ड भरून रोगी. लोकं मरून राहिले, ताई, बिनाकामाचे मरून राहिले. हिनं एकदा हो म्हटलं की पोरं कामावर येतात. दारावर पोलीस बसते."

"आणि तिनं पाहिलं नसेल तर?"

"इंगोलेनं पायलं ना! तो तिच्या उरावर होता." ते सुजलेला ओठ पुसत म्हणाले, "देवाची कृपा म्हना. कोनी तरी हानलेला सलाईनचा लोखंडी स्टँड पार वाकून गेला, धनुष्यासारखा. कोनाच्या तरी डोक्यावर बसला असन. अन् हिच्या पाठीले ओरखडा नाही."

जाताना ते म्हणाले, "एक आत गेला तं बाकीचे भेतात. नाही गेला तं पुढच्या इमर्जन्सीले तुमची पोरगी पुन्हा त्याच दारात."

इंदुताईंना तेवढंच ऐकू आलं. संध्याकाळी डबा घेऊन त्या इस्पितळात गेल्या. उत्तराचे केस विंचरले, एका हातानं तिला जमत नव्हतं, वेणी घातली. मागं डोक्याला साधं खरचटलंही नव्हतं. बोटं केसांतून फिरवत त्या म्हणाल्या, "हो म्हणून टाक, बाळ. माझ्यासाठी."

"आई, मला फक्त वजन आठवतं. आणि तिखट."

"इंगोले खोटं बोलतो का?"

उत्तरानं वेणी मागं टाकली. मग तिनं चष्मा काढून उशाशी ठेवला. "बरं. म्हणते."

सिस्टरनं तिच्या कपड्यांचं गाठोडं दिलं. पोलिसांनी आकडे नेले, ओमप्रकाशचा सदरा नेला; एप्रन कोणी मागितला नव्हता. घरी येऊन इंदुताईंनी तो थंड पाण्यात बुडवला, रक्ताचे डाग काढायला बायका बुडवतात तसा, आणि चोळायला घेतला. तळहातांची आग झाली. त्यांनी हात बाहेर काढले, तर बोटं मिरची कांडल्यासारखी लाल.

त्यांनी एप्रन दिव्याखाली पसरला. पुढची बाजू कपाळाच्या रक्तानं भरली होती, ते समजण्यासारखं होतं. पाठ उलटून पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत मिरचीची भुकटी, पाण्यानं चिखल झालेली; दोन्ही दंडांवरसुद्धा, कोणी मागून कवेत घेतल्यासारखी. सिमेंट कुठं नाही. आणि मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, हाताच्या पंजाएवढा रक्ताचा जाड थर, वरून गळून साकळलेला.

ते रक्त उत्तराचं नव्हतं. तासाभरापूर्वीच त्यांनी ते डोकं विंचरलं होतं.

इंदुताई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. स्टँड कोणाच्या डोक्यावर वाकला ते आता वेगळं सांगायला नको होतं. भाऊ आत मरून पडलेला, आणि हा पोरगा मारणाऱ्यांच्या आणि तिच्या मध्ये आडवा झाला. का झाला? त्याला विचारायचं कोणी? त्याला तर विचारण्याआधीच तुडवलं. कदाचित त्यानं दिवसभर तिला भावाचं अंग चोळताना पाहिलं असेल. कदाचित नुसतीच एक बाई पडलेली पाहिली असेल.

बादलीतलं पाणी लालसर झालं होतं. ते ओतून दिलं की संपलं. पोरं कामावर येणार, रोग्यांना औषध मिळणार, दारावर पोलीस बसणार. ओतलं नाही तर संप चालू, ट्रकमधून पळालेले मोकळे, आणि उत्तरा पुन्हा त्या दारात, आंधळी. एकुलती एक. इंदुताईंनी बादलीच्या कडीला हात घातला. तळहात इतके झोंबत होते की कडी धरवेना. त्यांनी ती सोडली आणि तिथंच बसून राहिल्या, ट्रकमध्ये पळालेल्यांची तोंडं कशी असतील याचा विचार करत.

उजाडलं तेव्हा एप्रन तसाच पसरलेला होता.

उत्तराला सांगून भागणार नव्हतं. ती लगेच नाही म्हणेल, आणि मग चिडलेली पोरं, इन्स्पेक्टर, सगळे तिच्यावर तुटून पडतील. हे ज्याचं युनिट होतं त्यानं आधी ऐकायला हवं होतं. रुपराव ओरडतील. म्हणतील, ताई, तुम्ही वकिलाची बायको, डॉक्टर नव्हे. मिरचीवरून निदान करता काय? मग त्यांना त्यांचंच वाक्य परत द्यावं लागेल, कान फोडून शिकवलेलं. पायलं नाही तं पायलं नाही म्हन. आणि एवढंही सांगावं लागेल, की संप मोडायला माणूस हवा असेल तर हा एप्रन घेऊन मी येते, पोरांच्या पुढे उभी राहते. मारायचं असेल तर मला मारू देत.

काळ्या फोनवरचे आकडे धूसर दिसत होते. इंदुताईंनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि रुपरावांच्या घरचा नंबर फिरवायला घेतला.