चाचींचं सोयाचं पनीर

“अजून रडतंय,” असं म्हणत चाची फडक्यात बांधलेलं गाठोडं दोन बोटांनी दाबून बघायच्या. खालून पाणी ठिबकलं की वरवंटा पुन्हा वर ठेवायच्या आणि आपण गुमान बसून राहायचं. “तुमाला भूक लागली म्हणून त्याचं रडं थांबत न्हाई. बसा.”

त्या गाठोड्यात टोफू असायचा. कारेगावात, कामगारांच्या खोल्यांच्या रांगेला लागून असलेल्या एका मुसलमान घरात, माझ्यासारख्या माळकऱ्याच्या पोरासाठी. खोली करून राहिलेल्यांना डबेवाल्या बाईचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

मी तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, त्याचाच पगार. ती सवय जेवायला बसल्यावरही सुटायची नाही. “चाची, आमटी पातळ झालीय,” म्हटलं की उत्तर तयार. “मग पोहा तिच्यात.”

डब्यांचा स्वयंपाक आतल्या गॅसवर, तो शाकाहारी. घरचं मटण-मासळी मागच्या अंगणातल्या चुलीवर. तिकडची पळी आत यायची नाही, मसाल्याचा डबासुद्धा वेगळा. माझ्या आईनं फोनवर जरा दबकत विचारलं होतं, “कुणाकडं जेवतोस रे?” मी म्हणालो, “आपल्यापेक्षा सोवळं पाळणाऱ्या घरात.”

मग मला दूध बाधायला लागलं. पेढा खाल्ला की अंगभर गांधी, ताक प्यायलं की ओठ सुजायचे. डॉक्टर म्हणाले, दूध, दही, तूप, सगळं बंद. मांस-अंडं आमच्या घरातच नव्हतं, आता हेही गेलं. बंगळुरूचा सहकारी हसून म्हणाला, “तू तर फुकटात व्हीगन झालास!” त्यानंच पुण्याहून टोफूचं पाकीट आणून दिलं. मी ते चाचींपुढं ठेवलं.

चाचींनी कच्चाच तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आवडला. “ह्याला चव द्यायची राहिली वाटतं कंपनीकडनं,” त्या म्हणाल्या.

चव त्यांनी दिली. कांदा-लसूण मसाल्यातली भुर्जी केली. भरल्या वांग्यात टोफू कुस्करून घातला. शेंगदाण्याच्या कुटाच्या आमटीत तव्यावर खरपूस भाजलेले तुकडे सोडले. पाकीट रोज कुठून येणार? मग सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून, उकळून, लिंबू पिळून त्या घरीच करायला लागल्या. गाळलेला चोथा थालीपिठात. त्याला टोफू मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. “सोयाचं पनीर. टोफू काय, कुत्र्याला हाक मारल्यागत!”

तीन-चार महिने मी असा जेवलो की आईसुद्धा म्हणाली, अंग धरलंस.

एका दुपारी कामावर डबा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळला. दवाखान्यात इंजेक्शन घेऊन तसाच चाचींच्या दारात गेलो. माझं तोंड बघून त्यांच्या हातातली परात खाली आली. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “ताक घातलं मी.”

घरात लिंबू नव्हतं. दूध फाडायला त्या जन्मभर आंबट ताकच वापरत आलेल्या, तसंच हे सोयाचं दूधही फाडलं. “मटन बघितलं, अंडं बघितलं, पळी बघितली. ताकाकडं बघितलंच न्हाई रं. दूध-दही तर तुमी लोकं देवाला वाहता. त्यानं काय व्हणार, आसं वाटलं. आन् पाण्यासंगं जातंय की निघून.”

इतकं सरळ कबूल केल्यावर तरी गप्प बसावं की नाही? पण अंगाची आग आग होत होती. मी म्हणालो, “चाची, आता मला तुमच्या हातचं चालायचं नाही.”

बोललो आणि जीभ चावली. हेच वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांकडून, कशासाठी ऐकलं असेल! चाची वाकल्या, परात उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबा माझ्या खोलीच्या दाराला टांगलेला. मी न उघडता त्यांच्या फाटकाला परत टांगला. तिसऱ्या दिवशीही तेच. असे आठ दिवस. चूक माझीही होती हे कळत होतं, पण भीती खरी होती आणि अकड त्याहून खरी. मी वडापाववर दिवस काढले. हाल कुत्रं खाईना.

नवव्या दिवशी डबा टांगताना नजर मागच्या अंगणात गेली. मटणाच्या चुलीजवळ फळी ठोकली होती. तिच्यावर दुधाचं पातेलं, विरजणाचं भांडं, ताकाची रवी, तुपाची बरणी. घरातलं सगळं दूधदुभतं आतून उचलून बाहेर काढलं होतं.

चाची मागं येऊन उभ्या राहिल्या. “दूध आन् मटन ऱ्हातील आता एका चुलीवर. त्यांचं ती बघून घेतील.”

मी तिथंच पायरीवर डबा उघडला. चाची समोर बसल्या आणि मी जेवून हात धुवेपर्यंत माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही त्यांनी. नंतर चहा प्यायल्या. बिनदुधाचा. आत दूध नव्हतंच.

पुढं त्यांना हृदयाचं दुखणं लागलं आणि मुलगी त्यांना दौंडला घेऊन गेली. मी न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटारसायकलवर भेटायला गेलो. ती आमची शेवटची भेट. जाताना डॉक्टरांना हृदयाचं पथ्य विचारून, खोलीवर स्वतःच्या हातानं सोयाचं पनीर करून, आलं-लसणावर परतून डबा भरून नेला होता. चाची फार वाळल्या होत्या, पायांवर मात्र सूज.

मुलीनं डबा उघडला आणि मला विचारलं, “भाऊ, मीठ किती टाकलंय? डॉक्टरनी बंद केलंय आईला. आन् अजून काय काय हाय ह्यात?”

विचारायलाच हवं होतं तिनं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचींनी पलंगावरून हात पुढं केला.

“त्यानं केलंय न्हवं? मग इचारती काय? आण हिकडं.”

आणि मी काही बोलायच्या आत एक तुकडा तोंडात टाकलासुद्धा. मला माझी इतकी लाज वाटली की वर बघवेना. ते आठ डबे मी नुसते उघडूनही पाहिले नव्हते.

चाची सावकाश चावत होत्या.

“मीठ न्हाई वाटतं,” त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा उचलला.