माथ्यावरची झाडं मोजली नाहीत

यंदा फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी, सह्याद्रीतल्या एका डोंगराच्या माथ्यावर जंगल नाही, असं लखनौत ठरलं. बैठक ऑनलाइन होती. निशातगंजच्या आमच्या घरात मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी समोर मेथी निवडत होतो.

त्या डोंगरावर रोपवे व्हायचा होता. झाडांच्या पाहणीचं काम तिच्या कंपनीकडे होतं आणि पाहणी तिनेच केली होती. हिवाळ्यात मीही तिच्याबरोबर चढलो होतो. पायथ्याला ऐन-किंजळ इतके उंच, की शेंडा बघायला मान मागे टाकावी लागे. वर वाऱ्यात आणि धुक्यात अंजनी-जांभूळ माझ्या डोक्याला जेमतेम लागत होते. वाकडे, दाट, शेवाळाने मढलेले. प्रकार खालच्यापेक्षा कमी, पण त्यातले काही खाली कुठेच नव्हते.

पाहणीचा नियम असा: छातीच्या उंचीवर खोडाचा घेर तीस सेंटिमीटर नसेल, तर ते झाड धरायचं नाही. माथ्यावरची जवळजवळ सगळी झाडं त्यात बाद झाली. मुलीने त्यांचा हिशेब वेगळा मांडला होता.

"बेटा, ये तो झाड़ी है," तिचे साहेब म्हणाले. "गमले में आ जाए."

"सर, पेड़ ही हैं. वहाँ की हवा में इतने ही बढ़ते हैं."

"अच्छा? हम भी लखनऊ की हवा में ज़्यादा नहीं बढ़े. हमें भी जंगल लिख दो."

स्क्रीनवरचे सगळे हसले.

"फीता सबके लिए एक है, बेटा."

खालच्या जंगलासाठी केलेलं माप वरच्याला लावायचं, आणि भरत नाही म्हणून जंगलच नाही म्हणायचं. बातमीत विशेषण घालायचं नाही, हे मी नोकरीभर पाळलं. इथे एक घालतो: निर्लज्ज.

"विचार त्यांना, वर गेलेत का कधी?" मी म्हणालो.

तिने माइक बंद केला. "बाबा, प्लीज़, आप चुप रहिए." मग माइक चालू करून म्हणाली, "सर, फिर मैं साइन नहीं करूँगी."

"कोई बात नहीं. कोई और कर देगा."

अहवाल त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या सहीने गेला. माथ्याची नोंद 'झुडपी पडीक जमीन' अशी आहे. मार्चमध्ये मुलीने नोकरी सोडली. एप्रिलमध्ये माथ्यावर तोड सुरू झाल्याचं पायथ्याच्या गावातून एकाने फोनवर सांगितलं. शेजारच्या गावातल्या दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला.