माळवदावरचं गवत

आमचे अप्पा हट्टी. नॉर्वेच्या मुलाशी लग्न करायचंय म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. 'नाही' म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. शेवटी त्या मुलाची आईच श्रावणात नांदूरघाटजवळच्या आमच्या गावी येऊन थडकली. अप्पांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि स्वतः शिडी लावून माळवदावर गवत उपटायला निघून गेले. मातीच्या छतावर पावसाळ्यात गवत माजतं आणि मुळांच्या वाटेनं घर गळतं, हे खरं. पण पाहुणी दारात असतानाच बरा मुहूर्त सापडला यांना! मला असा राग आला!

त्या बाई मात्र शिडी बघून खूश. चपला काढून सरसर वर. मागोमाग मी, दुभाषी म्हणून. उपटलेल्या गवताचा ढीग पाहून त्या हळहळल्या. त्यांच्याकडे म्हणे जुन्या घरांवर गवत मुद्दाम लावतात.

"चेष्टा करतेत का बाई?" अप्पांनी मला विचारलं. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते.

बाईंनी मोबाईल पुढे केला. उभ्या डोंगरांच्या मधून समुद्र पार गावापर्यंत आत आलेला, पण लाट नाही, तळ्यासारखा निवांत. काठावर त्यांच्या पणजोबांनी बांधलेलं लाकडी घर, छतावर हिरवंगार गवत आणि त्या गवतात चक्क एक शेळी.

अप्पा हातातलं खुरपं ठेवून खाली बसले. "गळत न्हाई का?"

मातीखाली भूर्जाची साल अंथरतात, त्या म्हणाल्या.

"आमी कडूलिंबाचा पाला टाकतो."

मग काय, दोघांचं जे सुरू झालं! पूर्वी उन्हाळ्यात त्यांच्याकडच्या बायका गुरं-शेळ्या घेऊन डोंगरावर राहायला जायच्या आणि थंडीच्या आधी खाली यायच्या, हे ऐकून अप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी तुमच्यातबी बिऱ्हाड हालतंय! आमच्यातले ऊस तोडाया जातेत." भाषांतर करता करता मला श्वास घ्यायला सवड नव्हती, आणि आनंद तर पोटात मावत नव्हता.

मग फोटोतल्या शेळीवर बोट ठेवून अप्पा म्हणाले, "विहीणबाईला इचार, हिला खाली कोन उतरवतं?"

खाली अंगणात आई तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"काय म्हनलात? कोन बाई?"

अप्पा कडेला येऊन वाकले. "विहीणबाई म्हनलो. लई येळ झाला, पुरणाची डाळ घाल."