डोहात उभ्या राहिलेल्या वन्सं

शेजारच्या काकूंकडे फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "मालती, तुझ्या वन्संना कॉलेजात चक्कर आलीय, लगेच दवाखान्यात बोलावलंय," एवढंच त्या म्हणाल्या. हे आणि मी नाशिक रोडहून रिक्षानं दवाखान्यात पोचलो, तोवर सगळं संपलं होतं. त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, फार शिस्तीच्या होत्या. होत्याच. पण मला त्या दिसतात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, साडी भिजलेली, आणि समोरच्या माणसाच्या हातात पेटलेली वात...

कुसुमवन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्याकडेच राहायच्या आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. एकदा वर्गात त्या समुद्रगाईबद्दल सांगत होत्या. केवढा थोरला, गरीब जीव, पाण्यातलं गवत खाऊन राहणारा; पण जाळ्यात अडकला की श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि गुदमरून मरतो. त्यावर पेठकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या डोहातली पाणमांजरंपण अशीच मरतात." पुढच्याच रविवारी वन्संनी एसटीनं पेठ गाठलं आणि तिथून पायी त्या मुलीच्या गावचा डोह. मग तो नेमच झाला.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मीही बरोबर गेले. नदी आटून डोहापुरती उरली होती. मासे तिथंच, पाणमांजरंही तिथंच. पलीकडच्या कपारीत मादीची पिल्लं होती. ती तोंडात मासा धरून आत गेली, तेव्हा आतून बारीक शिट्ट्यांसारखा आवाज आला. वन्संनी माझा हात घट्ट दाबला.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरची तीन माणसं उतरून आली. एकाच्या हातात सुरुंगाची कांडी होती.

"बाई, लांब व्हा. साहेबाकडं पाव्हणे हायेत, पाण्यात बार उडवून मासे न्यायचेत."

"इथं नाही. आत पिल्लं आहेत," वन्सं म्हणाल्या.

"पानमांजराची? ती तर आमचे मासे खातात. मेली तं बरंच हाय की!"

वन्संनी चपला काढल्या आणि सरळ पाण्यात उतरल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. मी ओरडले, "वन्सं, अहो परत फिरा!" त्या कपारीपाशी जाऊन पाठ टेकून उभ्या राहिल्या. नुसतं भिववायला म्हणून की काय, त्या माणसानं वात पेटवली. त्याला वाटलं, बाई पळेल. बाई हलेना. वात सुरसुरत आखूड होत चालली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, निघा वो, पाया पडतो... लय आखूड ऱ्हायली!" वन्सं त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्यानं अंगातलं सगळं बळ लावून कांडी काठावरच्या खडकामागं भिरकावली.

पुढचं मला नीट आठवत नाही. धुरळा, अंगावर पडणारे दगड, आणि मी पाण्यात धावलेली. वन्संच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. तो माणूस काठावर बसून ढसाढसा रडत होता. सोमा त्याचं नाव, त्याच गावचा. त्यानंच मग त्यांना खांद्याचा आधार देत गावापर्यंत आणलं. संध्याकाळी गाव जमलं, आणि सोमाच पुढं होऊन म्हणाला, "या डोहात सुरुंग नाय. कोनी आला तं मी हाय."

त्या डोहात पुन्हा सुरुंग लागला नाही. पण पाणमांजरं काही एका डोहात राहत नाहीत. वर-खाली नदीभर जाळी होती, सुरुंग होते, कातड्यासाठी लावलेले सापळे होते. पुढं तीन-चार वर्षांनी डोह सुना झाला. वन्सं तरी जातच राहिल्या. मी एकदा चिडून म्हटलं, "आता तिथं आहे काय?" तर म्हणाल्या, "ती परत आलीच, तर डोह तरी असायला नको का गं?" मागच्या उन्हाळ्यात ओल्या वाळूत त्यांना ताजी पावलं दिसली. एकाचीच. घरी येऊन लहान मुलीसारख्या हसत होत्या.

त्या स्फोटात त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येईनासं झालं ते कायमचंच. म्हणून आम्ही सगळे जेवताना त्यांच्या उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसायचो. आता घरात जागाच जागा आहे. तरी पानं वाढली की आम्ही अजून तसेच, एकमेकांना कोपर लागतील एवढे खेटून, एकाच बाजूला बसतो.