ओल्या मातीवर गाडी घालायची नाही

आर्विला मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. वय एकाहत्तर. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली गेली वीस वर्षं तिच्याकडेच आहे. तिचे यजमान डेलमार काका एकतीस वर्षं कौंटीचा ग्रेडर, म्हणजे कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र, चालवत. गावाबाहेर डांबर संपतं तिथून दरीच्या तोंडापर्यंतचा अठ्ठावीस मैलांचा कच्चा रस्ता त्यांनी एकट्याने सपाट राखला. त्या रस्त्यावर मावशी नेहमी शेजारच्या सीटवर, मांडीवर विणकाम घेऊन. स्टिअरिंग तिने तिथे कधी हातात धरलं नव्हतं.

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. या एप्रिलमध्ये कौंटीच्या नव्या इंजिनिअरने अहवाल दिला : या रस्त्यावर साधी गाडी जाऊच शकत नाही, सबब देखभाल बंद करावी. मंगळवारी संध्याकाळी सातला कौंटीच्या मंडळाचं त्यावर मतदान होतं.

मंगळवारी सकाळी सातला मावशी माझ्या दारात उभी.

"जोलीन, वही घे आणि चल. रोज एवढं लिहितेस, आज जरा कामाचं लिही."

"कुठे?"

"रस्त्याच्या टोकापर्यंत आणि परत. माझ्या गाडीतून."

तिची गाडी म्हणजे जुनी, बुटकी, बाजारहाटाची. मी वही घेऊन बसले. आदल्या संध्याकाळपासून तिच्यासाठी मी उपास धरला होता, आमच्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे अन्न नाही, पाणी नाही. तिला सांगितलं नाही. सांगून केलेला उपास देवाला कशाला?

वाळूचा पट्टा आला तशी मावशी पुटपुटायला लागली, "ब्रेक नाही, ब्रेक नाही, डेलमार म्हणायचा ब्रेक नाही." गाडी डुलत डुलत पार झाली. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत : 'साडेआठ. करड्या-जांभळ्या पट्ट्यांच्या टेकड्या. खड्डा एकही नाही. सव्वानऊ. टोपी घातल्यासारखे दगडी खांब. गाडीचं पोट कुठे घासलं नाही.' साडेदहाला आम्ही टोकाला पोचलो. तिथून वीस मिनिटं चाललं की दोन हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील अशी अरुंद घळ लागते. आत भिंतीवर काकांच्या पणजोबांनी बैलगाडीच्या वंगणाने लिहिलेलं नाव आहे. मावशी नावाजवळ उभी राहिली, त्याला हात लावला नाही. म्हणाली, "हे बघायला लोकांनी यावं म्हणून राबायचा तो." येताना उतारावरचा एक दगड झालेला शिंपला तिने उचलून खिशात टाकला. कधी काळी इथे समुद्र होता.

डबा खायला ती सावलीत बसली. मी 'भूक नाही' म्हटलं. परत निघालो आणि डांबर सहा मैलांवर असताना पठाराकडून ढग आला. पंधरा मिनिटं बरसला आणि गेला. पुढचे दोन मैल करड्या चिकणमातीचे. मावशीने गाडी थांबवली, उतरली आणि टाच दाबून पाहिली. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"इथेच ठेवायची," ती म्हणाली. अडीच वाजले होते.

तेवढ्यात मागून रूलन आला, गुरांचा मालक, मोठा ट्रक घेऊन. आमच्या चर्चमध्ये बाईमाणसाला सिस्टर म्हणतात.

"सिस्टर हीटन, व्हा बाजूला. मी पुढे होतो, तुमची गाडी साखळीने ओढतो. दहा मिनिटांत पलीकडे."

"आणि मागे हातभर खोल चर पडतील ते? वाळून दगड होतील. ग्रेडर येईपर्यंत साध्या गाडीला वाट नाही."

"अहो, मतदान चुकेल तुमचं!"

"चालत जाईन." मावशी त्याच्या ट्रकपुढे जाऊन उभी राहिली. "रूलन, रविवारच्या वर्गात तीन वर्षं शिकवलं तुला. दहा आज्ञा कधी धड पाठ झाल्या नाहीत तुझ्या. आज एवढी एकच पाळ : ओल्या मातीवर गाडी घालायची नाही."

रूलनने इंजिन बंद केलं. मग तोही आमच्याबरोबर कडेच्या खडकांवरून निघाला, स्वतःशी बडबडत. जिथे खडक नव्हता तिथे चिखल पायाला इतका चिकटे की एकेक बूट कलिंगडाएवढा होई.

तिसऱ्या मैलाला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मटकन खाली बसले.

"पाणी कधी प्यालीस?" मावशीने विचारलं.

"काल संध्याकाळी."

"वाळवंटात? देवा रे! कोणासाठी धरलायस हा उपास?"

"तुझ्यासाठी."

"मग माझ्यासाठीच सोड." तिने बाटली माझ्या ओठांना लावली आणि संपेपर्यंत काढली नाही.

सहाला डांबर लागलं. तिथे फोन लागतो. माझे यजमान आम्हा तिघांना न्यायला आले. सातला दोन मिनिटं असताना मावशी तशाच बुटांनी मंडळाच्या खोलीत शिरली आणि टोकाला गेल्याचा पुरावा म्हणून माझी वही नि तो शिंपला टेबलावर ठेवला. गाडी कुठे नि का सोडली तेही सांगितलं.

इंजिनिअर हसला. "म्हणजे बाई, रस्त्याने तुम्हाला अडवलं. मी तेच म्हणतोय."

मावशी त्याच्याकडे वळली.

"रस्त्याने नाही अडवलं. मी थांबले. उद्या दुपारी तो या टेबलासारखा टणक असेल. माझी गाडी तिथे उभी आहे, ती आणायला मला कोणीतरी सोडायला हवंच. तुम्ही सगळे तुमच्या ऑफिसच्या गाडीतून चला. चाकाचा एक जरी चर दिसला तर खुशाल बंद करा."

मागून रूलन म्हणाला, "एकही दिसणार नाही. बाईंनी मला चालायला लावलंय."

खोली हसली. मतदान दुसऱ्या दिवसावर गेलं.

बुधवारी दुपारी एकला ऑफिसची साधी गाडी मंडळाचे तिघे, इंजिनिअर आणि मावशीला घेऊन निघाली. मागच्या गाडीत आम्ही. करडी माती वाळून तडकली होती, कुठे एक रेघ नव्हती. टोकापर्यंत जाऊन घळीतलं नाव पाहून सगळे परतले आणि रात्री तिन्ही मतं रस्त्याच्या बाजूने पडली. ग्रेडर वर्षातून दोनदा फिरणार.

मावशीची गाडी मात्र मतदानाआधीच घरी आली, तिनेच आणली. परतताना ती आपल्या गाडीपाशी उतरली, टाच दाबून पाहिली, पुन्हा एकदा दाबली आणि मगच गाडीत बसली.